कंपनी काढून अब्जाधीश झालेल्यांना ‘आठवड्याला 70 तास काम करा’ असं सांगायचा अधिकार आहे का? त्यांच्या बोलण्याने खरंच काही फरक पडतो का?

अधिकाराचं आधी उरकते. आहे. बोलायला कुणालाच बंदी नाही, आणि ‘70 तास’ म्हणणाऱ्या इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी निदान स्वतः झिजून दाखवलंय. 1981 साली बायकोने, सुधाताईंनी, दिलेल्या दहा हजारांवर पुण्यात मूर्तींसह सात जणांनी ही कंपनी काढली, तेव्हा टेलिफोनच्या लाइनसाठीही महिनोन्‌महिने ताटकळावं लागायचं आणि कम्प्युटर आयात करायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा. त्यामुळे ‘यांना बोलायला काय जातं’ असं मी म्हणणार नाही.

फरक पडतो का, हा दुसरा प्रश्न मात्र अगदी दुखऱ्या जागी लागला. पडतो. आणि तुम्हाला वाटतो तसा बातम्यांतून, चर्चांतून नाही पडत.

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख मोहनदास पैंशी गप्पा मारताना मूर्ती म्हणाले की भारताची उत्पादकता जगात खालच्या नंबरात आहे, तेव्हा तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करायला हवं; दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी आणि जपानने तेच केलं. मी तेव्हा हिंजवडीत एका आयटी कंपनीत टेस्ट लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख होते (नाव सांगत नाही, इन्फोसिस नव्हे). दिवाळीच्या तोंडावर आमचा टाउन हॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, झाला. डिलिव्हरी हेडने (सगळी कामं वेळेत पोचवायची जबाबदारी असलेले साहेब) दुसऱ्याच स्लाइडवर मूर्तींचा फोटो लावला आणि शेजारी ठळक 70. ‘मी काही सक्ती करत नाहीये, पण विचार करा,’ असं म्हणून साहेब पुढच्या स्लाइडवर गेले. पुढच्या स्लाइडवर आमच्या प्रोजेक्टची तारीख होती, दोन आठवडे अलीकडे ओढलेली.

गंमत म्हणजे आमचा क्लायंट जर्मनच होता, एक विमा कंपनी. जर्मनीचं उदाहरण आम्ही मुकाट ऐकत होतो आणि खुद्द जर्मनीतली माणसं शुक्रवारी दुपारनंतर फोन उचलत नव्हती. तिथे कायद्याने दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि तेही पुढे सरासरी आठवर आणायचे. वर्षाचे तास मोजले तर जर्मनी आज श्रीमंत देशांत अगदी तळाला आहे. उत्पादकता म्हणजे तासाला किती काम निघतं ते. तास वाढवून ती कशी वाढणार, हे मला आजवर कुणी नीट समजावून दिलेलं नाही.

आता टाइमशीटबद्दल, म्हणजे रोज किती तास काम केलं ते भरायच्या तक्त्याबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे आणि बाहेरच्या लोकांना ती माहीत नसते. आमच्या टाइमशीटमध्ये दिवसाला नऊच्या वर आकडा टाकला की चौकट लाल व्हायची आणि मंजुरीसाठी मॅनेजरकडे जायची. त्या रिलीजच्या (तयार सॉफ्टवेअर क्लायंटला द्यायच्या) धामधुमीत मी एकदा जसे बसले तसे तास भरले, बारा, तेरा, बारा. अर्ध्या तासात मॅनेजरचा फोन. ‘अगं, हे काय भरलंयस? रिजेक्ट करतो, नीट करून पाठव. वरती एफर्ट व्हेरियन्स लाल दिसतो.’ एफर्ट व्हेरियन्स म्हणजे अंदाजाचे तास आणि खरे तास यांतला फरक, आणि नीट करून म्हणजे रोज नऊ. मी विचारलं, मग उरलेले तास कुठे दाखवू? तो हसला. माणूस वाईट नव्हता, तोही आमच्यासोबत रात्री थांबायचाच.

प्रोजेक्ट फिक्स्ड बिड होता. कामाचे पैसे ठरलेले, अंदाजाचे तास ठरलेले. खरे तास लिहिले असते तर तो अंदाज चुकला हे उघड झालं असतं. लिहिलेच नाहीत म्हणून प्रोजेक्ट सगळीकडे हिरवागार, फायद्यात, वेळेत. आणि पुढच्या कामाची बोली लावताना सेल्सवाले आधीच्या प्रोजेक्टचे कुठले तास बघतात? हेच, नऊवाले. म्हणजे मी फुकट दिलेला तास पुढच्या टीमच्या अंदाजातून आधीच वजा झालेला असतो. तुमच्या प्रश्नातले ते 70 तास कुठल्याच कागदावर नसतात हो. कागदावर 45 असतात.

त्यात काम किती झालं तेही ऐका. जर्मनीत हजाराला टिंब लावतात आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या बरोब्बर उलटं. रात्री एकच्या सुमाराला दमलेल्या एका पोराने हप्त्याच्या रकमेचा बग ‘फिक्स’ करून तो बदल सगळ्यांच्या कोडमध्ये टाकला. सकाळी मी रिपोर्ट काढते तर 1.250 युरोचा हप्ता सव्वा युरो झालेला. तो बदल मागे घ्यायला, बिघडलेला डेटा सुधारायला आणि सगळं पुन्हा तपासायला अख्खी टीम दोन दिवस लागली. तेवढी झोप त्या पोराला दिली असती तर?

‘मेहनत करायला नको यांना’ हे वाक्य मला घरातूनच ऐकवलं जातं. आमचे काका पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेत आणि फॅमिली ग्रुपवर मूर्तींचं प्रत्येक वाक्य तेच टाकतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मूर्ती म्हणाले की 1986 साली सहा दिवसांचा आठवडा पाच दिवसांवर आला तेव्हा मी निराश झालो, वर्क-लाइफ बॅलन्सवर माझा विश्वास नाही. काकांनी ते टाकून खाली माझं नाव टॅग केलं. गणपतीत तर समोरासमोरच जुंपली. ‘तुम्हाला एसी, कॅब, कॉफी फुकट. दोन तास जास्त बसलात तर झिजता की काय?’

मी एवढंच विचारलं, काका, भोंगा झाल्यावर तुम्ही किती वेळा थांबलात? म्हणाले, पुष्कळदा. मग ओटी मिळायचा की नाही? ‘मिळायचा म्हणजे? डबल मिळायचा!’ आणि वर अभिमानाने, ‘युनियनने सोडला नसता.’ 1948 च्या फॅक्टरी कायद्यात दिवसाला नऊ, आठवड्याला 48 तास आणि त्यापुढे दुप्पट दर असायचा, हे काकांना आजही तोंडपाठ आहे. आमच्यासाठी 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यातही मुळात नऊ-अठ्ठेचाळीस आणि दुप्पटच होतं. फक्त देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय पदावरच्यांना त्यातून वगळलंय, आणि आयटीत दोन माणसं हाताखाली दिली की झालात तुम्ही ‘लीड’. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यातले नऊ तास दहा करायला मंजुरी दिली, तेव्हा काका ग्रुपवर गप्प होते.

मालकाचा तास आणि नोकराचा तास एका मापाने मोजायचा, ही खरी लबाडी आहे. इन्फोसिसच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. 1990 च्या दशकात त्यांनी कर्मचाऱ्यांना भरभरून शेअर दिले आणि त्यातून साधी माणसं लखपती, करोडपती झाली. त्या काळात कुणी 70 तास बसलं असेल तर त्यातलं काही त्याच्या खिशात गेलं. आज? फ्रेशरचा पगार दहा वर्षांहून जास्त काळ सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळतोय. हे मी एकटी म्हणत नाही, खुद्द मोहनदास पै यावर कंपन्यांना सुनावत असतात. मार्च 2024 मध्ये मूर्तींनी चार महिन्यांच्या नातवाला 15 लाख शेअर भेट दिले, किंमत 240 कोटींच्या आसपास. त्यांचे शेअर, त्यांचा नातू, माझं काहीच म्हणणं नाही. पण शेअर न देता शेअरवाल्यांचे तास मागायचे म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार.

बाईमाणसाचं तर यात कुणी नावच घेत नाही. 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा 97. त्यावर ऑफिसचे 70 चढवा आणि मग मला हिशोब सांगा.

प्रभावाबद्दल विचारलंत, तर तासांच्या उपदेशापेक्षा मोठं उदाहरण 2017 चं आहे. मूर्तींकडे तेव्हा इन्फोसिसमध्ये कुठलंही पद नव्हतं, सगळ्या संस्थापकांचे मिळून शेअर तेरा टक्क्यांच्या आत. तरी पनाया कंपनीची खरेदी आणि माजी वित्तप्रमुखाला दिलेला निरोपाचा मोबदला यावर ते बोलत राहिले, आणि ऑगस्टमध्ये तेव्हाचे सीईओ विशाल सिक्का राजीनामा देऊन गेले. संचालक मंडळाने जाहीरपणे मूर्तींकडे बोट दाखवलं. आठवडाभरात संस्थापकांपैकी एक, नंदन नीलेकणी, अध्यक्ष म्हणून परत आले. मूर्तींचा मुद्दा त्या वेळी बरोबर होता की नाही यावर वाद घालता येईल (मला बराचसा बरोबर वाटतो). पण पद नसताना शब्दाला एवढं वजन असलेला माणूस 70 म्हणतो, तेव्हा खालचा डिलिव्हरी हेड त्याची तारीख करतो.

आता थोडं मागे येते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत मूर्ती स्वतःच म्हणाले की हे कुणी कुणाला ‘कर’ म्हणून सांगायचं नसतं, ज्याने त्याने स्वतःशी विचार करायचा. ‘मी सकाळी 6.20 ला ऑफिसात जायचो आणि रात्री 8.30 ला निघायचो,’ असंही ते म्हणाले. ज्याने त्याने स्वतः ठरवायचं, हे मला शंभर टक्के मान्य. शिवाय स्वतःचा धंदा असेल, किंवा नवं काही शिकायची दोन-तीन वर्षं असतील, तर खुशाल बसा, मीही बसलेय. आणि सगळ्या कंपन्या आमच्या तेव्हाच्या कंपनीसारख्या नसतात. आत्ता जिथे आहे तिथे साडेसहाला मजला रिकामा होतो आणि रिलीजही वेळेवर जातात.

तुम्ही नवीन लागला असाल तर ऑफर लेटरमधलं कामाच्या तासांचं कलम वाचा आणि टाइमशीटमध्ये खरे तासच भरा. रिजेक्ट झाली तर तो ईमेल जपून ठेवा. फोनवर सांगितलं तर ‘आपल्या बोलण्याप्रमाणे तास बदलतेय’ एवढी एक ओळ लिहून पाठवा. भांडण होत नाही, पण पुढच्या वेळी फोन करताना समोरचा दहादा विचार करतो. आणि काका, चुलतभाऊ तुम्हाला ही लिंक पाठवणार हे मला माहितीये. उत्तर द्यायचं तर इथेच खाली द्या, ग्रुपवर नको, तिथे आत्या मध्ये पडतात.