मेव्हण्याची हायब्रिड की आपलं साधं पेट्रोल?

प्रश्न: दादा, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, म्हणजे जाऊन-येऊन रोजचं ४० किलोमीटर. रविवारी गाडी दारातच. वर्षातनं दोन-तीनदा सासुरवाडीला कणकवलीला. ११ वर्षांची जुनी हॅचबॅक काढायची आहे. मेव्हणा म्हणतोय डोळे झाकून हायब्रिड घे, २८ चं ॲव्हरेज देते. शोरूमवाल्यानं एकाच गाडीची दोन कोटेशन दिलीत, साधं पेट्रोल मॅन्युअल आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरपण गाडी ओढते ती, फरक ३ लाखाचा. बायको म्हणते त्या ३ लाखाचं सोनं घेऊ. काय करू?

उत्तर: वहिनींचं ऐका एवढंच लिहून मोकळा होणार होतो, पण मग मेव्हणा तुम्हाला सोडायचा नाही, म्हणून हिशोबच मांडूया. तुमचं वर्षाचं रनिंग धरा १३,००० किलोमीटर. साधं पेट्रोल १४ नं पळालं आणि हायब्रिड २१ नं, तर वर्षाला साधारण ३१० लिटर वाचतंय, १०५ रुपये लिटर धरलं तर साडेबत्तीस हजार. ३ लाख फिटायला ९ वर्षं! आणि मेव्हण्याचं ते २८ म्हणजे ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडचा कंपनीचा आकडा, २७.९७, तो टेस्टमधला, दसरा चौकातला नव्हे.

शिवाय तुमचा रस्ता बघा की. हायब्रिडची कमाई होते थांबत-थांबत जाण्यात, ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते आणि पुढच्या सिग्नलवरनं गाडी इंजिन बंद ठेवूनच सरकते. म्हणून महाद्वार रोडला गर्दीत ती खरंच भारी चालते, आवाजच नाही, पुढचा माणूस बाजूला पण होत नाही. तुम्ही मात्र हायवेला लागून एका स्पीडनं कागल गाठणार, मग तिथं ब्रेक कुठला आणि फुकटात बॅटरी भरणार कशी? बॅटरी पण एवढीशी असते, ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडमध्ये तर एक युनिटसुद्धा वीज मावत नाही तिच्यात.

घाटाचं सांगतो. मित्राची हायब्रिड घेऊन गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो, निम्म्यातच बॅटरी फुल्ल, आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं. मागनं आई म्हणाली, "थांबव रे, काय तरी तुटलं." तुटलं काय नव्हतं, बॅटरीत जागा संपली की गाडी इंजिन फिरवून वेग धरून ठेवते. पहिल्यांदा घाबरायला होतं एवढंच. कणकवलीहून आंब्याच्या पेट्या आणत असाल तर डिकी मात्र उघडून बघाच, यातल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिकीखाली असते आणि जागा बरीच खाते.

आता मेव्हण्याच्या बाजूनं एक. तुमची तुलनाच चुकली आहे, हायब्रिड ऑटोमॅटिक असते आणि तुम्ही ती मॅन्युअलशी लावताय. गुडघा दुखतो, ऑटोमॅटिकच पाहिजे असं असेल तर पेट्रोल ऑटोमॅटिकचं, त्याच फीचर्सचं कोटेशन मागा, फरक एकदम खाली येईल आणि मग हायब्रिडचा विचार करायला हरकत नाही. वर्षाला २५,००० पळवणाऱ्याला तर मी आजच घे म्हणेन. जीएसटीत सूट मिळते म्हणून मात्र घेऊ नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपेक्षा लांब गाडी पेट्रोल असो नाहीतर हायब्रिड, ४० टक्केच. आणि मागं 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं बघून फसू नका, ती माइल्ड, नुसत्या बॅटरीवर चालत नाही.

मॅन्युअल चालवायला कंटाळा नसेल तर माझं मत साधं पेट्रोल.

प्रश्न: आमची हायब्रिड महिनाभर उभी होती, आता चालूच होईना. चौघांनी धक्का मारला. मोठी बॅटरी गेली का? ८ वर्षं वॉरंटी आहे म्हणाले होते.

उत्तर: बहुतेक नाही हो. या गाडीत साधी १२ व्होल्टची बॅटरी पण असते, ती उतरली की गाडी जागीच होत नाही. धक्क्यानं हायब्रिड चालू होत नसते, चौघांना चहा पाजा आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरनं जंपर केबल लावा. यापुढं आठवड्यातनं एकदा गाडी चालू करून, समोर 'रेडी' दिवा लागला की अर्धा तास तशीच ठेवत चला, पण बंद गॅरेजमध्ये नको, इंजिन मध्येच आपोआप चालू होतं आणि धूर आत कोंडतो.