स्वयंजुळवणी की स्वयंजुळणी?

प्रश्न असा आहे: 'चुंबकीय क्षेत्राने नॅनोकणांची स्वयंजुळवणी करणे' असं एका भाषांतरात वाचलं. (नॅनोकण म्हणजे मीटरच्या काही अब्जांशांएवढे कण; मूळ इंग्रजी शब्द 'सेल्फ-असेंब्ली', म्हणजे कणांनी आपण होऊन रचना करणं.) बाहेरून चुंबक लावायचा आणि वर 'स्वयं' म्हणायचं, हे कसं? आणि शब्द जुळवणी की जुळणी?

शंका रास्त आहे. पण खटकायला हवं ते 'स्वयं' नव्हे, 'जुळवणी करणे'.

लग्न जुळतं आणि लग्न जुळवतात. जुळणेवरून जुळणी, जुळवणेवरून जुळवणी. त्या एका 'व'मध्ये मध्यस्थाचा हात आला. आता कोणी म्हणेल, छापखान्यात तर अक्षरजुळणीच म्हणत, आणि अक्षरांचे खिळे काही आपण होऊन ओळीत बसत नसत. जुळारी ते एकेक उचलून लावी. खरं आहे. 'जुळणी' दोन्ही अर्थांनी चालत आली आहे, म्हणूनच तिच्याआधी 'स्वयं' लावावा लागतो. 'जुळवणी'ला मात्र तो सोसत नाही.

मग चुंबकाचं काम काय? मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचे नॅनोकण द्रवात सोडले, तर प्रत्येक कण इवलासा चुंबकच असतो, पण उष्णतेच्या धक्क्यांमुळे त्यांची तोंडं दाही दिशांना. क्षेत्र लावलं की ती एका दिशेला वळतात. मग एकापुढे एक आलेले कण एकमेकांना ओढतात, शेजारी-शेजारी आलेले ढकलतात. ही ओढ धक्क्यांना पुरून उरली की क्षेत्राच्या दिशेने कणांच्या साखळ्या होतात. क्षेत्र फक्त तोंडं वळवतं. ओढ कणांची आपसांतली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या राफाल क्लाइन यांच्या गटाने २०१४ मध्ये मॅग्नेटाइटचे घनाकृती नॅनोकण क्षेत्रात जुळू दिले, तर दोरीसारखा पीळ असलेल्या रचना मिळाल्या. क्षेत्रात पीळ नव्हता. तो कणांच्या आकारातून आणि त्यांच्यातल्या निरनिराळ्या बलांच्या ओढाताणीतून आला. 'स्वयं' इथे अगदी योग्य आहे.

आपल्या स्वयंपाकघरात हा भेद रोज बोलला जातो. विरजण आपण लावतो, दही लागतं. दुधातले केसीन प्रथिनाचे पुंजके, साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे, आंबटपणा वाढला की एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं होतं. आपण दूध कोमट करतो, विरजण घालतो, हलवत नाही. तरी 'मी दही जुळवलं' असं कोणी म्हणत नाही. लावणे आणि लागणे यांच्यात जे अंतर, तेच क्षेत्र लावणं आणि कण जुळणं यांच्यात.

विभक्तीही सांभाळावी. 'क्षेत्राने जुळवलेले कण' म्हटलं की क्षेत्र जुळारी झालं. 'क्षेत्रात जुळलेले कण' म्हटलं की कर्तेपण कणांकडे राहतं. नॅनोसाठी 'अब्जांश' आहे, पण 'नॅनोकण' इतका रुळलाय की तोच ठेवावा. मी ते वाक्य असं लिहीन: 'चुंबकीय क्षेत्राने वळण दिलेली नॅनोकणांची स्वयंजुळणी'. इंग्रजी 'डायरेक्टेड'साठी 'मार्गदर्शित'पेक्षा 'वळण' मला फार आवडतं, कारण कण खरोखरच वळतात.

आणि 'जुळवणी' कुठे वापरावी? १९८९ मध्ये आयबीएम कंपनीतल्या डॉन आयग्लर आणि एरहार्ड श्वाइत्झर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या अतिसूक्ष्म सुईच्या टोकाने झेनॉनचे ३५ अणू एकेक करून सरकवले आणि त्यांतून 'आयबीएम' ही अक्षरं लिहिली. ती जुळवणी.