जंगलातला तुकडा कुठल्या विमानाचा?

प्रश्न: अरुणाचलच्या ट्रेकमध्ये गाइडने दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानाचे अवशेष दाखवले. पत्र्यावर पुसट अक्षरं होती. विमान कुठलं ते कसं कळणार?

उत्तर: पत्र्यावर 'अल्क्लॅड २४एसटी' दिसलं तर तो फक्त अ‍ॅल्युमिनियमचा प्रकार, तिथेच बरेच जण फसतात. ठोकलेला पार्ट नंबर बघा, ३२ ने सुरू होत असेल तर बहुतेक बी-२४, म्हणजे बॉम्बर किंवा त्याचंच मालवाहू रूप. इंजिन सापडलं तर सिलिंडर मोजा, १४ असले तर सी-४७ किंवा बी-२४ आणि १८ असले तर सी-४६, कारण हिमालयावरून चीनला माल नेणारी मुख्य विमानं हीच. त्या प्रकारातलं नेमकं कुठलं विमान पडलं ते मात्र इंजिनच्या नंबरावरून कळतं, बेपत्ता विमानांच्या अमेरिकन रिपोर्टमध्ये तो सहसा लिहिलेला असतो. आणि प्लीज, तिथलं काही उचलू नका, त्या ढिगाखाली अजून कुणाचा तरी मुलगा असू शकतो.