वाचक विचारतात : टाकोच्या एका दुकानाची साखळी करताना

प्रश्न : फत्तेगंजला आमचं टाकोचं दुकान चांगलं चालतं. आता अलकापुरी, मग आणंद आणि लगेच अहमदाबाद असा विचार आहे. अमेरिकेतल्या मेक्सिकन साखळ्या सुरुवातीला कशा वाढल्या? (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : ज्या टिकल्या, त्यांतल्या बऱ्याच आधी आपल्याच भागात दाट झाल्या. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत 1978 साली निघालेली टाको कबाना आजही मुख्यतः टेक्सासातच आहे. चिपोटलेचं पहिलं दुकान 1993 साली डेन्व्हरला उघडलं. 1998 मध्ये मॅकडोनाल्ड्सने त्यात पैसे घातले तेव्हा त्यांची 16 दुकानं होती आणि ती सगळी कोलोरॅडोतच. एल पोयो लोको 1975 साली मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतात, ग्वासावे गावात निघाली आणि 1980 मध्ये लॉस एंजेलिसला पोचली. तिच्याकडे विकायला मुळात एकच पदार्थ होता, मसाला मुरवून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी. यादी लहान असली की दुसऱ्या गावातल्या आचाऱ्याला शिकवणं सोपं जातं.

तुमच्यासाठी अलकापुरी आणि आणंद ठीक. आणंद चाळीसेक किलोमीटरवर आहे, सकाळी गाडी निघाली तर दुकान उघडण्याआधी माल पोचतो आणि काही बिघडलं तर तासाभरात तुम्ही तिथे असता. अहमदाबाद मात्र या दोन्ही ठिकाणची टॉर्टिया (टाकोची मक्याची पातळ पोळी) एकसारखी निघायला लागेपर्यंत थांबवा. तिथे पाठवायला माल लागतो, तसाच एक तयार व्यवस्थापकही लागतो, आणि तो पहिल्या दुकानातूनच घडतो.

प्रश्न : बाजारातल्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया घडी घातली की फाटते. मैदा मिसळावा का? (मकरपुरा, बडोदा)

उत्तर : मैदा नको. साध्या मक्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून आपल्याकडे मक्याचा रोटला जाड थापतात. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने दाण्याचं साल सुटतं, सालातला डिंकासारखा भाग पिठाला धरून ठेवतो आणि मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं.

दाहोद-पंचमहालचा पांढरा मका या कामाला उत्तम. स्वीट कॉर्न किंवा पॉपकॉर्नचा मका घेऊ नका. एक किलो सुक्या दाण्याला 3 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाण्याच्या दर्जाचा चुना घ्या. रंगाच्या दुकानातला चुना चालणार नाही. भांडं स्टीलचंच हवं, कारण चुना ॲल्युमिनियम खातो. पाणी खळखळू न देता 85 ते 90 अंशांवर 30 ते 40 मिनिटं ठेवा, मग आच बंद करून 8 ते 12 तास तसंच भिजू द्या. दाणा बोटांत चोळला की साल निघालं पाहिजे, आणि कापला की आत पांढरा टिपका दिसला पाहिजे. टिपका नाहीसा झाला असेल तर मका जास्त शिजला आहे, पीठ चिकट होणार.

धुताना बहुतेकांचं चुकतं. पाणी नितळ होईपर्यंत चोळचोळून धुतलं तर डिंक वाहून जातो आणि टॉर्टिया पुन्हा फाटते. अजिबात न धुतलं तर चुन्याची चव राहते. दोन पाणी पुरे. हे चुन्याचं पाणी आणि त्यातला चोथा थेट गटारात सोडू नका, गाळ बसवून घ्या.

दळायला ओल्या दाण्याची दगडी चक्की लागते, पिठाच्या गिरणीत ओला मका अडकतो. इडलीच्या ग्राइंडरमध्ये जमतं, पण तिथे पाणी जास्त पडतं, म्हणून चमच्याचमच्याने घाला. तीस ग्रॅमचा गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांत दाबून पाहा. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लावा. कागदाला चिकटला तर पीठ थोडा वेळ उघडं ठेवा. तापलेल्या तव्यावर पहिली बाजू 15-20 सेकंद, दुसरी पाऊण ते एक मिनिट, मग पुन्हा उलटली की फुगते. लगेच कापडात गुंडाळा, त्या वाफेनेच ती मऊ राहते.

दोन दुकानं झाली की मका एकाच ठिकाणी शिजवा आणि दळा, गोळा थंड पेटीतून पाठवा आणि टॉर्टिया मात्र दुकानातच दाबा. भाजलेली टॉर्टिया पाठवली तर दुपारी कडक होते. बडोद्याच्या उन्हाळ्यात पीठ दुपारपर्यंत आंबतं, म्हणून 4-5 अंशांवर ठेवून त्याच दिवशी संपवा. मक्याचा लॉट बदलला की आधी एक किलो करून पाहा. जुना, कडक दाणा जास्त वेळ घेतो आणि काल जमलेलं वेळापत्रक आज फसतं. मोठी कढई चढवल्यावर हे कळलं तर त्या दिवशीचा धंदा गेला.

प्रश्न : रात्री शिजवलेल्या राजम्याला दुसऱ्या दिवशी वास येतो. (आणंद)

उत्तर : पातेल्यात झाकून ठेवलेल्या राजम्याचा मधला भाग पहाटेपर्यंत कोमट राहतो. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, ते या कोमटपणात वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून वास आला की टाकून द्या, फोडणी देऊन वाचवू नका. राजमा 5 सेंटिमीटरपेक्षा खोल नसलेल्या पसरट ट्रेंमध्ये काढा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा. दोन तासांत 21 अंश आणि पुढच्या चार तासांत 5 अंश गाठायचे. थर्मामीटर टोचून आकडा वहीत लिहायचा, प्रत्येक दुकानात, रोज. 2015 साली चिपोटलेच्या अनेक राज्यांतल्या गिऱ्हाइकांना ई-कोलाय जिवाणूची बाधा झाली आणि विक्री कोसळली. साखळीत एका दुकानातली चूक सगळ्या दुकानांच्या नावावर जाते.

राजमा भिजवलेलं पाणी टाका आणि ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विषारी लेक्टिन जात नाही.

प्रश्न : बडोद्याच्या स्वयंपाकघरातून इंदूरचं दुकान चालवता येईल का? (राजवाडा, इंदूर)

उत्तर : गुजरातेत एकाच जीएसटी नोंदणीखाली अलकापुरीहून आणंदला माल पाठवला तर चलन पुरतं, कर लागत नाही. मध्य प्रदेशात मात्र वेगळी नोंदणी घ्यावी लागते आणि स्वतःच्याच दुकानाला पाठवलेला सॉससुद्धा विक्री धरला जातो, त्यावर कर लागतो. तुमचं रेस्टॉरंट 5 टक्के जीएसटीवर असेल तर त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला कर तुमच्या पुढच्या करातून वजा होत नाही. तो तुमचा खर्चच. शिवाय साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर ओला मका नेणं शहाणपणाचं नाही. इंदूरला मका तिथेच शिजवा, बडोद्याहून फक्त सुक्या मिरच्यांचा मोजून बांधलेला मसाला पाठवा. अन्न परवाना प्रत्येक जागेचा वेगळा.

प्रश्न : फ्रँचायझी मागणारे येतात. द्यावी का? (सयाजीगंज, बडोदा)

उत्तर : आत्ता नको. चिपोटलेने अमेरिकेत दुकानं स्वतःकडेच ठेवली. आधी नावाची ट्रेडमार्क नोंदणी करा. रेस्टॉरंट सेवेसाठी वर्ग 43, आणि सॉस बाटलीत विकायचा असेल तर वर्ग 30 सुद्धा.

प्रश्न : जैन साल्सा कसा करावा? (मांडवी, बडोदा)

उत्तर : टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. कांदा-लसूण नाही, सुरी आणि पाटही वेगळे. मीठ दुकानात, वाढायच्या अर्धा तास आधी घाला. आधीच घातलं तर पाणी सुटून टाको भिजतो.