रिपोर्ट म्हणतो पाणी चांगलं, मग कावीळ कशी झाली?

प्रश्न : विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट ‘ई. कोलाय नाही, पिण्यायोग्य’ असा आला, तरी घरात दोघांना कावीळ झाली आणि डॉक्टर म्हणतात पाण्यातूनच. लॅबने चुकीचा रिपोर्ट दिला का?

तसं असेलच असं नाही. त्या टेस्टमध्ये व्हायरस बघितलेलाच नसतो हो! १०० मिली पाणी घेतात, त्यातले बॅक्टेरिया वाढवतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात ई. कोलाय, म्हणजे आतड्यात राहणारा बॅक्टेरिया, आहे की नाही. सापडला तर पाण्यात विष्ठा मिसळतेय हे नक्की, पण नाही सापडला म्हणून व्हायरसही नाही असं म्हणता येत नाही, कारण ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब आणि कावीळ करणारे हिपॅटायटिसचे व्हायरस त्याच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही लहान, त्यामुळे मातीत बॅक्टेरिया अडकतो तिथून व्हायरस निसटून जाऊ शकतो आणि थंड भूजलात बराच काळ टिकतो.

दिल्लीत १९५५-५६ला नेमकं हेच झालं. नदीच्या पाण्यात सांडपाणी घुसलं, पाण्यावर प्रक्रिया होत होती, क्लोरीनही वाढवलं होतं, टायफॉइडसारखे बॅक्टेरियाचे आजार वाढले नाहीत पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. हिपॅटायटिस ए किंवा ईची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन आठवडे ते दोन महिने लागू शकतात. म्हणजे ज्या पाण्याने घात केला ते कधीच पिऊन संपलं आणि तुम्ही बाटली भरली आजच्या पाण्याची! इथे पाण्यापेक्षा पेशंटच्या रक्ताची टेस्ट जास्त सांगते, ए आणि ई दोन्हीच्या आयजीएम अँटीबॉडी (लागण नुकतीच झाली की त्या रक्तात दिसतात) बघायला सांगा. आणि विहिरीजवळ शोषखड्डा किंवा फुटकी ड्रेनेज लाइन आहे का ते आधी बघा.

प्रश्न : मग सरळ व्हायरसचीच टेस्ट का करत नाहीत? कोविडपासून आरटी-पीसीआर तर सगळीकडे झालंय.

पीसीआर मशीन ही अडचण नाहीच, खरी कटकट त्याच्या आधी आहे. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कणही उलट्या-जुलाब सुरू करायला पुरतात आणि पिण्याच्या पाण्यात ते इतके विरळ असतात की एका बाटलीत एकही येणार नाही, म्हणून शेकडो लिटर पाणी एका खास फिल्टरमधून सोडतात ज्यावर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि व्हायरसवर बहुतेक वेळा निगेटिव्ह, त्यामुळे ते चिकटतात. मग बीफ एक्स्ट्रॅक्टच्या (गोमांसाच्या अर्काच्या) अल्कलाइन द्रावणाने ते सोडवायचे, ते द्रावण परत काही मिलीपर्यंत कमी करायचं, आणि या प्रत्येक पायरीला थोडे व्हायरस हरवतातच. किती हरवले हे कळायला चांगली लॅब मुद्दाम एक निरुपद्रवी व्हायरस मोजून टाकते आणि शेवटी तो किती उरला ते बघते. हा आकडा नसलेला ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट मी तरी मनावर घेणार नाही. त्यात पाण्यातलं ह्युमिक ॲसिड, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा पदार्थ, पीसीआरच बंद पाडू शकतं, म्हणजे व्हायरस असूनही निगेटिव्ह.

उलटंही होतं. पीसीआर फक्त जनुकाचा तुकडा ओळखतं, क्लोरीनने मेलेल्या व्हायरसचा तुकडाही पॉझिटिव्ह देऊ शकतो. जिवंत आहे का हे बघायचं तर पेशींवर वाढवावा लागतो, त्यात आठवडे जातात आणि सगळे वाढतही नाहीत, माणसातला नोरोव्हायरस तर लॅबमध्ये नीट वाढवायला २०१६ उजाडलं.

त्यामुळे मधला मार्ग म्हणून कोलिफाज बघतात, म्हणजे ई. कोलायलाच लागण करणारे व्हायरस. माणसाला त्रास नाही, साधारण एका दिवसात उत्तर, आणि ई. कोलायपेक्षा ते खऱ्या व्हायरसच्या जास्त जवळ जातात. मला विचाराल तर रुटीन टेस्टमध्ये हे यायलाच हवं.

प्रश्न : सांडपाण्यात पोलिओ सापडला असं वाचलं, म्हणजे नळालाही येणार का?

नाही, लगेच घाबरू नका. तिथे मुद्दाम शोधतात कारण लागण झालेला माणूस आजारी न दिसताही विष्ठेतून व्हायरस टाकत असतो. मुंबईत हे २००१पासून चालू आहे, लंडनमध्ये २०२२ला असाच सापडला. गंमत म्हणजे सांडपाण्यात सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी एक व्हायरस मिरचीच्या झाडाचा आहे, आपण खातो आणि तो तसाच बाहेर पडतो, म्हणून पाण्यात मानवी घाण आहे का हे ओळखायला त्याचाही उपयोग करतात.

प्रश्न : घरी टेस्ट करायचं किट मिळतं का?

पाणी दूषित असेल तर काळी पडणारी बाटली मिळते, पण तीही बॅक्टेरियाचीच. व्हायरससाठी पैसे घालवू नका. शंका असेल तर पाणी खळखळ उकळा, किमान एक मिनिट. क्लोरीन वापरत असाल तर पाणी आधी गाळून नितळ करा आणि अर्ध्या तासानंतरही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम उरलंय का ते रंगाच्या किटवर बघा. युव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी, बरेच व्हायरस मरतात, ॲडिनोव्हायरस मात्र चिवट आहे. आणि नुसत्या कार्बन फिल्टरच्या भरवशावर राहू नका, त्याने चव सुधारते, व्हायरस अडत नाहीत.