सोलापूरला परतताना मुलांची शाळा

मस्कत असो, दुबई असो की डॅलस, प्रश्न थोड्याफार फरकाने एकच येतो: "आई-बाबा सोलापुरात एकटेच आहेत, आम्ही कायमचं परत यायचं म्हणतोय. मुलांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये घातलं की निभेल ना?"

निभेल. पण मूल कितवीत आहे, ते आधी सांगा.

सहावी-सातवीपर्यंत आलात तर मुलं रुळतात. नववी झाल्यावर मात्र आणू नका. सीबीएसई घ्या नाहीतर केंब्रिजचं आयजीसीएसई, नववी-दहावीचा अभ्यास जोडूनच चालतो आणि मध्येच बोर्ड बदललं की मुलाची फरफट होते. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा तर अकरावी-बारावीच्या तोडीचा, दोन वर्षांचा, सहा विषयांचा, 45 गुणांचा. तो अर्धवट सोडून थेट इथल्या बारावीत बसवायचं मनातही आणू नका.

आता पाटीबद्दल. नावात इंटरनॅशनल असलेल्या बऱ्याच शाळा प्रत्यक्षात सीबीएसईच्या असतात. त्यात वाईट काही नाही, उलट आखातातल्या भारतीय शाळेतून येणाऱ्या मुलाला तेच सोयीचं. फक्त फी भरण्याआधी संलग्नता क्रमांक मागून घ्या आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. आयबीच हवं असा हट्ट असेल तर पुण्यात चौकशी करावी लागेल, आणि मग ज्या आई-बाबांसाठी परत यायचं ठरवलंत ते राहतील सोलापुरात आणि तुम्ही पुण्यात.

एक गोष्ट फार उशिरा कळते म्हणून जरा सविस्तर सांगते. मुलीला डॉक्टर करायचं, जमलं तर आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजलाच प्रवेश मिळावा, असं अनेक घरांत बोललं जातं. पण राज्याच्या कोट्यासाठी नुसते नीट परीक्षेचे गुण पुरत नाहीत. अधिवास प्रमाणपत्र लागतं आणि साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. दहावी दुबईत आणि बारावी सोलापुरात, अशी मोट बांधली की मूल हुशार असूनही त्या रांगेतून बाहेर पडू शकतं. मूल परदेशी नागरिक असेल आणि त्याचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) 4 मार्च 2021 नंतर झालेलं असेल, तर मेडिकलच्या एनआरआय जागांपुरताच विचार होतो आणि तिथली फी डोळे पांढरे करणारी असते. म्हणून मेडिकल डोक्यात असेल तर आठवीपर्यंत या. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दहावी तिकडेच पुरी करून थेट अकरावीसाठी येणाऱ्यांनी तारखांकडे बघावं. आयजीसीएसईच्या मे-जून परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, आणि तोवर इथली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया बरीच पुढे गेलेली असते.

मराठीची तयारी तिकडूनच सुरू करा. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय. घरी बोलता येणाऱ्या मुलालाही जोडाक्षरं अडतात, आणि सातवीच्या वर्गात तिसरीतल्या मुलासारखं वाचावं लागलं की ते मिटून जातं. रोज पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलवर आजोबांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. बाकी सोलापुरात वर्गात कन्नड, तेलुगू, उर्दू घरी बोलणारी मुलं असतातच, वेगळ्या धाटणीच्या मराठीला इथं कुणी हसत नाही.

शाळा बघायला सुट्टीत याल तेव्हा रिसेप्शनमधल्या ट्रॉफ्या बघून भुलू नका. सातवीच्या एखाद्या मुलाची विज्ञानाची वही बघायला मागा. सगळ्या वह्यांत उत्तरं शब्दन् शब्द सारखी, खाली नुसती लाल टिकमार्क, तर तिथं फळ्यावरून उतरवून घेणं चालतं. प्रयोगशाळेत नळ सोडून बघा. वरच्या मजल्यावरच्या वर्गात एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटं बसून बघा, मग वायुवीजनाचा प्रश्न आपोआप सुचेल.

आणि कागदपत्रं तिथून निघण्याआधीच पुरी करा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याचा आणि भारतीय दूतावासाचा शिक्का लागेल का, हे इथल्या शाळेला ईमेल करून लेखी विचारा. दाखल्यावरचं नाव, पासपोर्ट आणि जन्मदाखला यांत एका अक्षराचाही फरक असेल तर तो तिकडेच दुरुस्त करून घ्या.