वाचकांचे प्रश्न : मटणाची ताटं किती?

प्रश्न : घरच्या कार्यक्रमाला 60 माणसं, जवळ 12,500 रुपये. आचारी तांबड्या-पांढऱ्यासह मटणाच्या ताटाचे 260 आणि शाकाहारी ताटाचे 140 सांगतो. मुलीच्या पुस्तकातली असमानता वापरून पाहिली. उत्तर आलं, शाकाहारी ताटं जास्तीत जास्त 25. पण 25 धरली की 100 रुपये कमी पडतात. कुठं चुकलं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चूक शेवटच्या ओळीत आहे. शाकाहारी ताटं ‘श’ धरली, तर मटणाची 60 − श.

260(60 − श) + 140श ≤ 12,500
15,600 − 120श ≤ 12,500
−120श ≤ −3,100

इथवर तुमचं बरोबरच असणार. आता −120 नं भागताना ≤ चं ≥ व्हायला हवं होतं, ते राहून गेलं. 2 हे 5 पेक्षा लहान, पण −2 हे −5 पेक्षा मोठं. 5 रुपये देणं असलेल्यापेक्षा 2 रुपये देणं असलेला बरा, तसंच हे. म्हणजे श ≥ 25.83. ‘जास्तीत जास्त 25’ नव्हे, ‘कमीत कमी 26’. मटणाची 34 ताटं 8,840 रुपयांची, शाकाहारी 26 ताटं 3,640 ची. एकूण 12,480. वीस रुपये उरले.

ऋण चिन्हाची कटकट नको असेल, तर मटणाची ताटं ‘म’ धरा. 260म + 140(60 − म) ≤ 12,500, म्हणजे 120म ≤ 4,100, म्हणून म ≤ 34.17. इथं अपूर्णांक सोडून द्यायचा. 34.9 आलं असतं, तरी 34च. जवळच्या अंकाला नेण्याची सवय इथं खिशाला बसते. आचाऱ्याचं रिक्षाभाडं वगैरे वेगळं असेल, तर ते 12,500 मधून आधीच वजा करा.

खरी अडचण पुढंच आहे. मटण खाणारे मोजलेत का? कोणाचा वार, कोणाची माळ, हे सगळं धरूनही समजा 38 निघाले. मग म ≥ 38 आणि म ≤ 34 या दोन्ही अटी एकदम पाळणारा आकडाच नाही. गणित चुकलेलं नाही, पैसे कमी आहेत. किती? 9,880 + 3,080 = 12,960, म्हणजे 460 रुपये. माणसं कमी करणं कोल्हापुरात अवघडच, तेव्हा मटणाच्या ताटाचा दर ‘द’ अज्ञात धरा. 38द + 3,080 ≤ 12,500, म्हणून द ≤ 247.89. आचाऱ्याला ‘काहीतरी कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘247 ला जमतंय का?’ असं विचारा.

प्रश्न : प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांचा स्टॉल लावतेय. भाडं 3,000. जोड 450 ला पडतो, 600 ला विकणार. 6,000 सुटायला किती जोड खपायला हवेत? 50 रुपये सूट दिली तर?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : जोडामागं 150 सुटतात. खपलेले जोड ‘ज’ धरले, तर 150ज − 3,000 ≥ 6,000, म्हणून ज ≥ 60. सूट दिली की जोडामागं 100च सुटतात. 100ज ≥ 9,000, म्हणजे 90 जोड. किंमत बाराव्या हिश्शानं उतरली, पण विक्री दीडपट लागली. कारण सूट 600 मधून दिसते, जाते मात्र तुमच्या 150 मधून. पहिल्या दिवसापासून सूट लावू नका. 450 गुणिले जोड ही रक्कमही आधी हाताशी हवी. 90 जोडांना 40,500 लागतील. न खपलेले जोड परत घेणार का, हे कारागिराला आधीच विचारून ठेवा. घेणार नसेल, तर उरलेल्या प्रत्येक जोडाचे 450 डाव्या बाजूतून वजा होतील.